परसातील कंपोस्ट टाकी: सोलापूरच्या हवेला मानवेल अशी

जुळे सोलापुरातून आपण विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. घरात पाच माणसे आहेत, मागील दारी साधारण बारा बाय अठरा फुटांची मोकळी जागा आहे, पश्चिमेला शेजाऱ्यांची सहा फूट उंच कुंपणभिंत आणि कोपऱ्यात एक कडुनिंब आहे. गेल्या वर्षी आपण लाकडी फळ्या जोडून, चहूबाजूंनी फटी ठेवून एक पेटी तयार केली. परंतु उन्हाळ्यात आतील कचरा कुजण्याऐवजी वाळला, त्यात मुंग्या झाल्या आणि पावसाळा येईपर्यंत खालच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या. आता विटांची टाकी बांधावी की प्लास्टिकचा ड्रम घ्यावा, किती मोठी आणि किती टाक्या लागतील, आणि वास व घुशींचे काय करावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

आपल्या पेटीत जे घडले ते आपल्या हातून काही चुकल्यामुळे नव्हे. त्या प्रकारची पेटी ज्या हवामानासाठी योजलेली असते, ते आपले हवामानच नाही. कुजण्याचे काम करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते तसाच ओलावाही लागतो. ढिगातील ओलावा वजनाने ५० ते ६० टक्के असला की काम जोमात चालते, ४०च्या खाली गेला की मंदावते आणि त्याहूनही घटला की जवळजवळ थांबते. भरपूर पावसाच्या प्रदेशात ढीग भिजून चिकट होणे ही मुख्य अडचण असते, म्हणून तिथली पेटी हवेशीर, फटींची, जणू पाणी झटकून टाकण्यासाठी केलेली असते. सोलापुरात वर्षाचा पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, त्याचाही मोठा वाटा सप्टेंबरात पडणारा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर ठाण मांडून बसतो आणि नळाला पाणी रोज येत नाही. अशा ठिकाणी कंपोस्टची टाकी सर्वप्रथम ओलावा धरून ठेवण्यासाठी बांधावी आणि हवा तिच्यात मोजून मापून द्यावी. पुढील सर्व सूचना याच एका विचारातून आल्या आहेत.

पुष्कळ जण या प्रश्नाला ‘नाडेप टाकी बांधा’ असे एका वाक्यात उत्तर देतात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली ही पद्धत उत्तम आहे आणि विटांच्या भिंतीत भोके ठेवण्याची कल्पना आपणही तिच्याकडूनच घेणार आहोत. मात्र मूळ नाडेप टाकी दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असते; ती शेतातील काडीकचरा, शेण आणि चाळलेली माती यांनी एक-दोन दिवसांत काठोकाठ भरून वरून शेणमातीने लिंपून बंद करायची असते. लिंपण असल्यामुळे भोके असूनही तिचा ओलावा टिकतो. घरची टाकी रोज थोडी थोडी भरली जाते, रोज उघडली जाते आणि तिचा वरचा भाग सतत मोकळा राहतो, त्यामुळे तितकीच भोके ठेवली तर आपली टाकी लाकडी पेटीच्याच वाटेने जाईल.

आकाराविषयी आधी हिशेब पाहू. पाच माणसांच्या घरात दिवसाला सुमारे एक ते सव्वा किलो ओला कचरा निघतो, म्हणजे महिन्याला पस्तीस किलोच्या आसपास. त्याच्या दुप्पट आकारमानाचा पालापाचोळा त्यात मिसळला तर महिन्याला अडीचशे लिटरच्या जवळपास भरती होते, पण ती महिनाभरातच खचून निम्म्यावर येते. आतून तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच टाकीत साडेसातशे लिटर जागा असते. ती भरायला आपल्या घराला चार ते पाच महिने लागतील. म्हणून अशा दोन टाक्या शेजारी शेजारी, मधली भिंत सामाईक ठेवून बांधाव्यात: एक भरत असताना दुसरी मुरत राहते. तिसऱ्या कप्प्याची आपल्या घराला गरज नाही. याहून लहान टाकीही करू नये, कारण ढिगाचे आकारमान घटले की आतील उष्णता आणि ओलावा दोन्ही पृष्ठभागातून लवकर निघून जातात.

जागा ठरवताना पश्चिमेची कुंपणभिंत आपल्या फार उपयोगाची आहे, कारण दुपारनंतर तिची सावली तिच्या पूर्वेकडील जमिनीवर पडते. टाक्या त्या भिंतीला समांतर, परंतु तिच्यापासून दोन फूट अंतर सोडून बांधाव्यात. हे अंतर शेजाऱ्यांच्या भिंतीला ओल लागू नये म्हणून, आणि मागे झाडलोट करता यावी म्हणूनही ठेवायचे. ज्या फटीत माणूस शिरू शकत नाही, त्या फटीत घूस नक्की शिरते. टाक्यांची तोंडे पूर्वेला, म्हणजे आपल्या घराकडे असावीत. कडुनिंबाची सावली मिळत असेल तर चांगलेच, पण बुंध्याला अगदी लागून बांधू नये, कारण ओलावा आणि खत यांच्या ओढीने झाडाची बारीक मुळे खालून टाकीत चढतात आणि वर्षभरात तयार खताचा गठ्ठा मुळांनी विणून टाकतात. पिण्याच्या पाण्याचा हौद किंवा बोअर असल्यास त्यापासून शक्य तितके लांब राहावे. स्वयंपाकघराच्या दारापासून तिथवर पावसाळ्यातही चालता येईल अशी वाट असावी. नाहीतर पावसाच्या दिवसांत बादली दाराशीच तुंबते.

बांधकामात सर्वांत जास्त लक्ष पायाकडे द्यावे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे थेट तिच्यावर उभी केलेली अर्ध्या विटेची भिंत दुसऱ्याच वर्षी तडकते. फूटभर खणल्यावर मुरूम लागत असेल तर प्रश्न मिटला. तसे नसेल तर भिंतींच्या रेषेत दीड फूट चर खणून त्यात मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मसाने चांगला ठोकून घ्यावा आणि त्यावर चार इंच जाडीचा साधा काँक्रीटचा थर द्यावा. टाकीचा तळ मात्र काँक्रीटने बंद करू नये. सप्टेंबरच्या पावसात जास्तीचे पाणी खाली मुरायला वाट हवी आणि जमिनीतील गांडुळांना वर यायलाही. आतील तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच राहील इतका मुरूम भरावा, त्यावर अर्ध्या इंची चौकोनाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश जाळी अंथरून तिच्या कडा भिंतीच्या पहिल्या रद्द्याखाली, म्हणजे विटांच्या पहिल्या थराखाली, दाबून घ्याव्यात आणि जाळीवर विटा आडव्या, बोटभर फटी ठेवून नुसत्या मांडाव्यात. घुशींचा बंदोबस्त या जाळीवरच अवलंबून आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती पातळ षटकोनी जाळी येथे चालत नाही, कारण घूस ती फाडून आत येते. आणि एकदा तिने टाकीखाली बीळ केले की नंतर कोणताही उपाय समाधानकारक ठरत नाही.

भिंती अर्ध्या विटेच्या, म्हणजे चार इंची, एकास सहा प्रमाणाच्या सिमेंट-वाळूच्या मालात बांधाव्यात. दोन टाक्यांची मागील सलग भिंत सात फूट लांब आणि आडव्या भिंती तीन, उंची सर्वत्र तीन फूट. नऊ बाय चार बाय तीन इंची विटा धरल्यास तूटफूट मिळून सव्वादोनशे विटा पुरतात, तळाला मांडायच्या विटा वेगळ्या. भट्टीची पक्की वीट असो वा राखेची, दोन्ही चालतात, फक्त वीट भिजवून घ्यावी आणि बांधकामाला आठवडाभर पाणी मारावे, कारण उन्हाळ्यात गवंड्याने घाई केली की सांधे भुसभुशीत राहतात. आतून गिलावा करू नये.

भोकांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. मागील, म्हणजे पश्चिमेची भिंत पूर्ण बंद ठेवावी: तिकडे शेजारी आहेत आणि तापत्या दुपारचा झोतही तिकडूनच येतो. दोन्ही बाहेरच्या बाजूंच्या भिंतींत केवळ तिसऱ्या आणि सातव्या रद्द्यात, दर दोन विटांनंतर अर्ध्या विटेइतकी जागा मोकळी सोडावी. मधल्या सामाईक भिंतीत तीन-चार भोके ठेवली तर मुरणाऱ्या टाकीतील जिवाणू आणि गांडुळे नव्या टाकीत आपोआप येत राहतात. मार्च लागला की बाहेरची भोके गोणपाटाच्या बोळ्यांनी सैल बंद करावीत आणि पाऊस सुरू झाल्यावर बोळे काढून टाकावेत.

पुढील बाजू उघडता येण्यासारखी असणे अत्यावश्यक आहे, नाहीतर खालचे तयार खत काढण्यासाठी वरचा सगळा ढीग उपसावा लागतो. येथे लाकडी फळ्यांचा आग्रह मी सोडून देण्यास सुचवेन. आपल्या भागात वाळवी इतकी आहे की सागवानाखेरीज कोणतेही लाकूड ओल्या ढिगाला टेकून फार काळ टिकत नाही, आणि सागवान कचऱ्याच्या टाकीला लावणे कोणालाही परवडणार नाही. त्याऐवजी शहाबादी फरशी वापरावी. शहाबाद आपल्याला लांब नाही. फरशीच्या वखारीत तीन फूट लांब आणि एक फूट रुंद तुकडे मिळतात, एकावर एक तीन उभे केले की टाकीचे तोंड बंद होते. एका तुकड्याचे वजन अठरा किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका माणसाला उचलता येते. आडव्या भिंतींच्या पुढच्या टोकांना लोखंडी अँगल असा बसवावा की त्याची एक पट्टी तोंडावर इंचभर पुढे येईल. फरशी आतून त्या पट्टीला टेकते, ढिगाचा दाब तिला बाहेरच्या बाजूने घट्ट धरतो, आणि टाकी रिकामी असताना ती आत कलू नये म्हणून मागे एक पाचर ठोकली की काम झाले. यासाठी टाकीची आतील रुंदी तीन फुटांवर इंचभर जास्त ठेवण्यास गवंड्याला आधीच सांगावे. भरती सुरू करताना खालची एकच फरशी लावावी आणि ढीग चढेल तसतशा वरच्या बसवाव्यात.

झाकणासाठी पत्रा सर्वांना सुचतो, पण उन्हात पत्रा तापून ढिगाचा वरचा अर्धा फूट भाजून काढतो. पत्रा केवळ पावसाळ्यात, मागे उतार देऊन ठेवावा. एरवी तुराट्यांचा ताटवा किंवा कडब्याच्या पेंढ्या वर आणि त्याखाली, ढिगाला चिकटून, ओले गोणपाट ठेवावे. घरात जुनी, विरलेली सुती सोलापुरी चादर असेल तर गोणपाटापेक्षाही ती सरस ठरते, कारण तिचे जाड सूत पाणी अधिक वेळ धरते. कृत्रिम धाग्याची चादर मात्र निरुपयोगी. असे दुहेरी आच्छादन असलेल्या ढिगाला मे महिन्यातही तीन-चार दिवसांतून एकदा दहा ते पंधरा लिटर पाणी पुरते.

हे पाणी कोणते, याकडे सहसा दुर्लक्ष होते. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी सर्वांत चांगले आणि ते रोज घरातच मिळते. कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र घालू नये. कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही क्षार एकवटलेलेच असतात. आपल्याकडील बोअरचे पाणी अनेक ठिकाणी मुळातच जड आहे. असे पाणी उन्हाळाभर घातले तर भिंतीच्या भोकांभोवती पांढरी खार फुटलेली दिसते, आणि तीच खार खतातून कुंडीत जाऊन रोपांच्या पानांच्या कडा करपवते. याच कारणाने टाकीत चुना किंवा चुलीची राख घालण्याचा सल्लाही आपण मानू नये. तो आम्ल जमिनीच्या प्रदेशासाठी आहे. आपली काळी माती चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) आहे, आणि ढीग विम्लधर्मी झाला की त्यातील नत्र (नायट्रोजन) अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते, ज्याचा उग्र दर्प शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो.

भरतीचे प्रमाण वजनाने मोजत बसण्याची आवश्यकता नाही. कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे गुणोत्तर २५ ते ३० भागांस एक असावे असे शास्त्र सांगते, त्याचा घरगुती अर्थ इतकाच की एक घमेले ओल्या कचऱ्यावर दोन घमेली सुका पाला पडलाच पाहिजे. हा पाला वर्षभर पुरवून वापरायचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पाने गाळतो तेव्हा सारी वसाहत ती पेटवून देते. आपण ती गोण्यांत भरून ठेवावीत. कडुनिंबाच्या कडूपणामुळे खत बिघडते ही समजूत निराधार आहे, पूर्ण कुजलेल्या पाल्यात तो गुण उरत नाही. शेंगांची चटणी घरोघरी होणाऱ्या या गावात शेंगदाण्याच्या टरफलांचा तुटवडा नाही. ती सावकाश कुजतात, पण तोवर ढीग दबू न देता आत हवा खेळती ठेवतात. रसवंतीवरील उसाचे चिपाड आणले तर ते आधी आठवडाभर पसरून वाळवावे, नाहीतर त्यातील साखरेवर चिलटांचे थवे जमतात. यंत्रमागाच्या कारखान्यांतील सुताचा कचरा फुकट मिळतो म्हणून अनेकांना मोह होतो, परंतु त्यात रंग आणि कृत्रिम धागा मिसळलेला असल्यामुळे तो घेऊ नये. डाळिंबाच्या साली चिवट असतात, त्या बारीक चिरून घालाव्यात. उरलेली भाकरी भिजवून, कुसकरून, पाल्याखाली दाबून घालता येते, अगदी कडक भाकरीसुद्धा. हाडे, मटणाचा रस्सा, तेलकट पदार्थ आणि फुलावर आलेले गाजरगवत यांना टाकीत प्रवेश नसावा. निर्माल्य घालण्यापूर्वी दोरा आणि जरीची फुले काढून घ्यावीत.

विकतचे कल्चर, म्हणजे जिवाणूंचे विरजण, घेण्याची गरज नाही. तळाशी वीतभर जाड काड्या-तुराट्यांचा थर, त्यावर पाला, मग गोठ्यातून आणलेल्या पाटीभर शेणाची काला करून शिंपण आणि त्यानंतर रोजची भरती, एवढ्याने काम सुरू होते. रोजचा कचरा मध्यभागी खळगा करून घालावा आणि पाल्याने पूर्ण झाकावा. वर उघडा राहिलेला कचरा हेच वासाचे आणि माश्यांचे खरे कारण असते. आठवड्यातून एकदा मूठभर आतील माल घट्ट दाबून पाहावा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले तर ओलावा योग्य आहे, धार लागली तर पाला वाढवावा, आणि मूठ उघडताच माल सुटा होऊन पडला तर पाणी द्यावे. मूठ भरण्यापूर्वी दाताळ्याने ढीग हलवून घ्यावा. आपल्याकडे विंचू आहेत आणि गार, ओली जागा त्यांना आवडते.

मुंग्या दिसणे ही ढीग कोरडा पडल्याची सर्वांत भरवशाची खूण आहे. पाणी दिल्यावर त्या स्वतःहून निघून जातात, पावडर मारू नये. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ढीग दबून हवा संपली आहे असे समजून तो उकरावा आणि टरफले मिसळावीत. पावसाळ्यात करड्या रंगाच्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात आणि कचरा झपाट्याने संपवतात, म्हणून त्यांना राहू द्यावे. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची, जाड पांढरी अळी मात्र हुमणीसारख्या भुंगेऱ्याची असते. तिच्या सर्व जाती झाडांची मुळे खातात असे नाही, पण कोणती खाणारी हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असल्यामुळे खत कुंडीत घालण्यापूर्वी त्या अळ्या वेचून काढणेच इष्ट.

पहिली टाकी भरली की फरश्या काढून सगळा माल दाताळ्याने दुसरीत ओढून घ्यावा. कडेचे आत आणि आतले कडेला जाईल असे पाहावे. ढीग गरम करण्याची योग्य वेळ हीच असते. रोज थोड्या थोड्या भरतीने ढीग फारसा तापत नाही, पण पलटताना ताजे शेण, हिरवे गवत आणि पाणी दिले तर तो दोन-तीन दिवसांत ५५ ते ६० अंशांपर्यंत चढतो आणि बियांसह बरेचसे रोगजंतू मरतात. त्यानंतर महिन्याने एकदा पलटावे. एप्रिल-मेमध्ये मात्र पलटू नये, कारण प्रत्येक वेळी उघडलेल्या ढिगातून पाणी उडून जाते. त्या दोन महिन्यांत नुसते ओले ठेवावे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पलटल्यापासून तीन महिन्यांत, उन्हाळा मध्ये आला तर चार-साडेचार महिन्यांत, खत गडद रंगाचे, भुसभुशीत आणि पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचे होते. गवंड्याकडची वाळूची अर्ध्या इंची चाळण वापरून ते चाळावे आणि वर राहिलेल्या काड्या नव्या टाकीच्या तळाला घालाव्यात.

ड्रमविषयी थोडक्यात: दोनशे लिटरचा निळा ड्रम भाड्याच्या घरात किंवा गच्चीवर ठीक आहे, परंतु आपल्याजवळ जमीन असताना तो घेऊ नये, उन्हात तो तापतो, त्याचे प्लास्टिक ठिसूळ होत जाते आणि आपल्या घरच्या कचऱ्याला तो महिन्याभरात अपुरा पडतो. गवंडीकाम नको असेल तर शोषखड्ड्यासाठी मिळणारी तीन फूट व्यासाची सिमेंटची कडी तीन-तीन रचून दोन टाक्या एका दिवसात उभ्या करता येतात. ओलावा ती उत्तम धरतात. फक्त खालच्या कड्याला खत काढण्यापुरते तोंड बांधकामापूर्वीच फोडून घ्यावे आणि ते फरशीच्या तुकड्याने बंद ठेवावे.

गांडूळखताची वेगळी सोय सध्या करू नये. विकत मिळणारी गांडुळे ३५ अंशांच्या पुढे तग धरत नाहीत, आणि आपल्या परसात ती मर्यादा मार्चमध्येच ओलांडली जाते.

बांधकाम दसऱ्यानंतर काढावे. पाऊस सरलेला असतो, मुरूम ठोकायला जमीन योग्य ओलीची असते आणि दिवाळीच्या साफसफाईत निघणारा पाला पहिल्या थराला मिळतो. तेव्हा सुरू केलेली टाकी फाल्गुनाच्या सुमारास भरते, म्हणजे कडुनिंबाची पानगळ चालू असतानाच ती पलटून दुसऱ्या टाकीत जाते आणि ताज्या पाल्याच्या जाड थराखाली उन्हाळा काढते. आषाढाच्या सुमारास कुंड्या आणि आळी भरताना तिचे खत हाताशी येते. ते एका भागाला तीन भाग माती या प्रमाणात मिसळावे.